'रक्तातच नाही' म्हणण्यापूर्वी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर एका डॉक्टरांनी केलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला 'तरुण पिढीचे आरोग्य' हा विषय दिला आणि वेळ दिला पंचवीस मिनिटांचा. डॉक्टरला व्यासपीठावर उभे केले की तो पहाटे उठा, पालेभाज्या खा, पाणी उकळून प्या असे सांगणार, हे आपण गृहीत धरूनच आलेले असता. त्या गोष्टी खऱ्या आहेत आणि आपणा सर्वांना ठाऊकही आहेत. म्हणून आज मी एका वाक्याविषयी बोलणार आहे. ते वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे, आणि सांगावयास लाज वाटते, पण ते माझ्याही तोंडून निघून गेले आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत आरोग्य तपासणीसाठी गेलो होतो. शाळेचे नाव सांगत नाही, त्याची जरुरी नाही. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी नववीतील एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. तिला बाजूला घेऊन पाणी पाजले. मी विचारपूस करू लागलो तेव्हा तिचे वर्गशिक्षक जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही रोज वर्गात पेंगते. अभ्यास या मुलांच्या रक्तातच नाही हो." गृहस्थ वाईट नव्हते. पदरचे पैसे खर्चून मुलांना वह्या देणारे होते. तरीही ते असे बोलले. त्या मुलीचे रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन निघाले सात. तिच्या वयाला ते निदान बारा असावयास पाहिजे. म्हणजे रक्तात काहीतरी नाही हे गुरुजींचे म्हणणे बरोबर होते. काय नाही, ते मात्र त्यांनी चुकीचे सांगितले.

आता माझी चूक. दवाखाना नवीन होता तेव्हा एक बाई आपल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "डॉक्टर, याची उंचीच वाढत नाही." मी मुलाकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. आई ठेंगणी होती. मी हसत म्हणालो, "अहो, खानदानच लहान हाडाचे आहे, त्याला औषध काय द्यायचे?" बाई गप्प निघून गेल्या. तो मुलगा शाळा सुटल्यावर रात्री दहापर्यंत वडिलांबरोबर कामावर असतो आणि दिवसभर चहा-खारीवर काढतो, हे मला पुष्कळ पुढे कळले. मी विचारलेच नव्हते. आई ठेंगणी का राहिली असेल, हेही विचारले नव्हते. तिच्या लहानपणीही चहा-खारीच असेल.

हे 'रक्तात नाही' प्रकरण फक्त आपल्याकडचे आहे असे समजू नका. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने 1865 साली संपली. त्यानंतर तीस वर्षांनी, 1896 मध्ये, तेथील एका विमा कंपनीचा आकडेतज्ज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने एक मोठे पुस्तक लिहिले. काळ्या लोकांत क्षय जास्त, बालमृत्यू जास्त, म्हणून ही जमात वंशानेच दुबळी आहे आणि ती कालांतराने संपून जाईल, असे त्याचे म्हणणे. अनेक शहाण्यासुरत्या माणसांनी ते मान्य केले. मृत्यू जास्त होत होते हे खरेच होते. प्रश्न होता, ते कशामुळे.

त्याच सुमारास डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हा तरुण कृष्णवर्णीय विद्वान फिलाडेल्फिया शहरात घरोघर फिरत होता. घरात खोल्या किती, पाणी कोठून आणता, काम काय, मूल कशाने गेले, असे तो विचारी आणि लिहून घेई. त्याचे पुस्तक 1899 मध्ये निघाले. त्याने दाखवून दिले की त्याच शहरात, त्याच वंशाच्या माणसांत, घाणेरड्या कोंदट वॉर्डात मृत्यूचे प्रमाण एक आहे आणि बऱ्या घरांच्या, स्वच्छ रस्त्यांच्या वॉर्डात ते पुष्कळ कमी आहे. वंश तोच असून वॉर्ड बदलल्याबरोबर मृत्यू कमी होत असतील, तर दोष वंशाचा कसा? पुढे 1906 मध्ये अटलांटा विद्यापीठातून त्याने कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर स्वतंत्र ग्रंथच काढला. आपल्या नाशिककरांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 साली येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्यांनी 1946 मध्ये याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. दोघांचे दुखणे एक होते, त्यांना एकमेकांची भाषा कळत होती.

आता आपल्या घरात येऊ.

सच्चर समितीचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. 2005 मध्ये नेमली गेली, 2006 च्या नोव्हेंबरात अहवाल संसदेपुढे आला. आपल्या सभांतून त्या अहवालाचा उल्लेख होतो तो बहुधा रडगाणे म्हणून. नोकऱ्यांत किती टक्के, पोलिसात किती टक्के. त्यात आरोग्यावरचाही भाग आहे आणि तो फारसा कोणी वाचत नाही. त्यात एक आश्चर्य दडलेले आहे. मुसलमान समाज देशातील गरीब समाजांपैकी, आया कमी शिकलेल्या, तरीसुद्धा आपल्याकडची तान्ही मुले बहुसंख्य समाजातील मुलांपेक्षा जास्त जगतात. याचा पुढे अनेकांनी अभ्यास केला. सोनिया भालोत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये यालाच कोडे म्हटले. मायकल गेरुसो आणि डीन स्पिअर्स यांनी 2018 मध्ये त्याचे एक उत्तर दिले, ते म्हणजे शौचालय. गरीब असली तरी मुसलमान कुटुंबे उघड्यावर जाण्याचे प्रमाण कमी, आणि त्यांचे शेजारीही बहुधा मुसलमानच, म्हणून सबंध मोहल्लाच त्या मानाने स्वच्छ. माझ्या घरच्या शौचालयाचा फायदा शेजारच्या पाळण्यातल्या मुलाला होतो. पाकीची, तहारतची जी शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते, तिचा हिशेब असा आकड्यांत कोणी मांडून दाखवील असे आपल्या आजी-नानींना वाटले नसेल. आणखी एक. 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली हिंदू समाजात 925 होत्या, मुसलमानांत 950. मुलगी नको म्हणून पोटातच संपविण्याचे पाप आपल्याकडे कमी होते.

हे मी पाठ थोपटून घेण्यासाठी सांगत नाही. यातून प्रश्न निर्माण होतो म्हणून सांगतो. रक्तच जर खराब असते, तर आपली मुले पाळण्यातच जास्त गेली असती. तसे होत नाही. मूल जगते. मग ते पुढे कोठे हरवते?

त्याच अहवालात पुढे लिहिले आहे की उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण मुसलमानांत सर्वांत जास्त होते. जगले, पण वाढले नाही. आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुसलमान मुलांपैकी पंचवीस टक्के एक तर कधी शाळेत गेलेच नव्हते किंवा मधेच गळले होते. महाराष्ट्रात तर चित्र आणखी विचित्र आहे. 2001 च्या जनगणनेत आपल्या राज्यातील मुसलमानांची साक्षरता 78.1 टक्के होती आणि राज्याची सरासरी 76.9 टक्के. म्हणजे अक्षरओळखीत आपण पुढे! आणि उच्च शिक्षणात? 2020-21 च्या अखिल भारतीय पाहणीत महाविद्यालयांत शिकणाऱ्यांपैकी मुसलमान होते 4.6 टक्के, देशाच्या लोकसंख्येत आपण 2011 मध्ये 14.2 टक्के होतो. वर्षभरात आपले विद्यार्थी पावणेदोन लाखांहून अधिक कमी झाले होते. कोरोनाचे वर्ष होते हे खरे, पण कोरोना सर्वांनाच होता.

तात्पर्य, गळती आहे ती पाळण्याच्या आणि पदवीच्या मध्ये. पाच ते अठरा. म्हणजे नेमका तोच काळ, जेव्हा मूल या संस्थेच्या छपराखाली असते. म्हणून मी हे येथे बोलतो आहे, एरवी डॉक्टरांच्या परिषदेत बोललो असतो.

आपल्या जिल्ह्यातील मालेगाव घ्या. येथे बसलेल्यांपैकी अनेकांचे नातलग तेथे आहेत. 2011 मध्ये तेथील लोकवस्ती 4 लाख 81 हजार होती आणि त्यांतील बहुतेक मुसलमान. उत्तर हिंदुस्थानातून आग्रा रोडने आलेल्या विणकरांनी मोसम नदीकाठी हातमाग मांडले, त्यांचे पुढे यंत्रमाग झाले. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची, सुटी जुम्याची. मजुरी कापडाच्या मीटरवर. ज्या घराची भिंत कारखान्याला लागून आहे, तेथे मूल मागाच्या खडखडाटातच झोपते, खडखडाटातच अभ्यास करते. लहान मुलांना कारखान्यात ठेवणे हा गुन्हा आहे हे सर्वांना माहीत आहे. परंतु 2016 मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा चौदा वर्षांखालील मुलाने शाळेव्यतिरिक्तच्या वेळात घरच्या धंद्यात हात लावण्यास मोकळीक ठेवली गेली. घरी कांड्या भरणे हे घरचेच काम. कोण मोजणार, शाळेनंतर किती तास भरल्या? पोरगी आठवीत गैरहजर राहू लागते, नववीत पटावरून नाव जाते. कारण विचारले तर सांगतात, "तिचे मनच लागत नव्हते."

कापडाच्या गावांची ही गोष्ट फार जुनी आहे. फ्रान्समध्ये व्हिलेर्मे नावाचा एक डॉक्टर होता. त्याने 1829 मध्ये सैन्यभरतीच्या नोंदींवरून दाखविले की गरिबीच्या भागातील तरुण ठेंगणे असतात आणि सुबत्तेच्या भागातील उंच, आणि 1840 मध्ये कापूस, लोकर आणि रेशीम कारखान्यांतील मजुरांची हालत लिहून काढली. दुसऱ्याच वर्षी त्या देशात आठ वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास बंदी झाली. आठ वर्षे! आज आपल्याला हे वाचून शहारे येतात. पण लक्षात घ्या, एका डॉक्टरने हातात फूटपट्टी घेतली आणि त्यातून कायद्याला सुरुवात झाली.

विद्यार्थी मित्रांनो, मालेगावचा सुपरमॅन तुम्हाला माहीत असेल. हाती पैसा नसताना गावातल्याच लोकांनी चित्रपट काढला, त्यावर माहितीपट निघाला, नंतर मुंबईवाल्यांनीही त्या मंडळींवर चित्रपट केला. त्या सुपरमॅनचे काम करणारा शफीक हा प्रत्यक्षात यंत्रमागावरचा कामगार होता, अंगाने अगदी काटक्या. ऐन तारुण्यात तो तोंडाच्या कॅन्सरने गेला. तुमच्यापैकी काहींच्या खिशात आत्ता जी पुडी आहे तिच्याकडे मी पाहत नाही, पण ती आहे हे मला माहीत आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावर तो मिळतो. त्यापुढची पायरीही आपल्या दारात आली आहे. मालेगावात झोपेच्या गोळ्यांना पोरांनी 'कुत्ता गोळी' नाव ठेवले आहे, आणि 2023 च्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात पोलिसांनी मेफेड्रोनचा कारखानाच पकडला. बारा तास उभे राहून काम करणारा पोरगा भूक मारण्यासाठी पुडी खातो, झोप येण्यासाठी गोळी खातो. मौलाना साहेब त्याला गुनाह समजावून सांगतील, ते योग्यच आहे. पण त्याला आठ तासांची झोप कोण देणार?

झोपेवरून आठवले. आमच्या घराण्यात युनानी हकीम होते. युनानीत 'असबाब-ए-सित्ता जरूरिया' म्हणून सहा गोष्टी सांगितल्या आहेत, ज्यांच्यावाचून माणसाची तब्येत राहत नाही. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि शरीरातून जे बाहेर जावयाचे ते जाणे व जे राहावयाचे ते राहणे. इब्न सीनाच्या ग्रंथात या सर्वांचा विचार आहे, त्याला हजार वर्षे झाली. यात खानदान कोठेच नाही. जुन्या नाशकात भद्रकाली, चौक मंडई, कथडा या भागांत मी व्हिजिटला जातो तेव्हा एकेका खोलीत हे सहाही नियम मोडलेले दिसतात. दहा बाय बाराची खोली, सात माणसे, एक खिडकी आणि तीही कपाटाने झाकलेली. रात्री बारापर्यंत मोबाइल चालू. परीक्षा आली की त्याच खोलीत दहावीचे मूल भिंतीकडे तोंड करून पाठ करीत असते. शाळेत सकाळी साडेसातला ते पेंगले तर आपण त्याला आळशी म्हणतो.

आता मुलींविषयी, आणि येथे मी भगिनींशी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नये.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी 57 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. हे सर्व समाजांचे मिळून आहे. आपल्याकडे एक समजूत आहे की आपण गोश्त खाणारे, आपल्याला रक्ताची काय कमी! पण पातेल्यातले गोश्त कोणाच्या ताटात जाते ते पाहा. आधी पुरुष मंडळी, मग मुलगे, मग उरलेल्या रश्शात पाव बुडवून अम्मी आणि आपा. त्यावर लगेच कडक चहा. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर लागते. तेवढ्याने पैसे वाढत नाहीत. कलेजी आणलीत तर पहिला तुकडा वयात आलेल्या मुलीला द्या, जावयाला नंतर.

शाळेतून आठवड्याला एक निळी गोळी मिळते, लोहाची. ती घरी आणून कचऱ्यात टाकली जाते हे मला ठाऊक आहे, कारण ती घेतल्यावर शौचाला काळे होते आणि कोणीतरी शेजारीण काहीतरी सांगते. काळे होते ते लोहामुळे, त्यात भिण्याचे कारण नाही. उपाशीपोटी घेऊ नये, म्हणजे मळमळत नाही. रमजानमध्ये इफ्तारनंतर जेवून घ्यावी. ज्या मुलीला चक्कर आली होती तिला मोठ्या मात्रेत लोह द्यावे लागले, तीन-चार महिने लागले. तिच्या वडिलांनी मला विचारले होते, "डॉक्टरसाब, लग्नाला काही अडचण येणार नाही ना?" पंधरा वर्षांच्या मुलीविषयी तो प्रश्न होता. त्याच पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. मुलीच्या अंगात रक्त नाही, हाडे पुरती वाढलेली नाहीत, आणि पोटात दुसरा जीव. मग ते मूल लहानखुरे जन्मते, आणि माझ्यासारखा एखादा डॉक्टर बारा वर्षांनी म्हणतो, खानदानच लहान हाडाचे आहे! आईचे शिक्षण आणि मुलाची उंची यांचा संबंध त्या पाहणीत स्पष्ट दिसतो. शाळेत न गेलेल्या आयांच्या पाच वर्षांखालील मुलांत 46 टक्के खुरटलेली, बारावी व त्यापुढे शिकलेल्या आयांच्या मुलांत 26 टक्के. मुलीला दहावीनंतर दोन वर्षे आणखी शिकविले तर आपल्या नातवाच्या उंचीत फरक पडतो, असा याचा साधा अर्थ मी घेतो.

आणखी एक लहान गोष्ट, जी सभेत कोणी बोलत नाही. अनेक शाळांतील मुली सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. कारण शाळेचे शौचालय. दार नाही, कडी नाही, पाणी नाही. लघवीच्या जळजळीसाठी माझ्याकडे येतात आणि पाच-सहा भेटींनंतर खरे कारण सांगतात. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की नवीन सभागृहाच्या वर्गणीआधी मुलींच्या शौचालयाला कडी बसवावी.

आपल्या चुका झाकून दुसऱ्याला दोष देणे मला जमणार नाही. 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली तेव्हा ही लस घेतल्याने पुढे मूल होत नाही अशी अफवा उठली आणि उर्दू शाळांतून पालकांनी मुले घरी ठेवली. मग कोरोनात नेहमीचे लसीकरणही मागे पडले. 2022 च्या अखेरीस गोवर आला तो कोठे? मुंबईत गोवंडीला, भिवंडीला आणि मालेगावला. तोही रक्तातून नव्हता आला. आणि आपण करू शकतो याचा पुरावाही आपल्याकडेच आहे. पोलिओच्या वेळी अशाच अफवा होत्या. उत्तर प्रदेशात मौलानांनी मशिदींतून आवाहन केले, अलीगढ आणि जामियाची माणसे गल्लोगल्ली फिरली. 2011 च्या जानेवारीत बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका चिमुरडीला झालेला पोलिओ हा देशातील शेवटचा ठरला, आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

पण सगळे ओझे आई-बापाच्या डोक्यावर टाकून मोकळे होणे हाही अन्यायच. बाप नळाला पाणी आणू शकत नाही, ते महापालिकेचे काम आहे. वडाळा गावातील गटारीचे झाकण एखादी अम्मी बसवू शकत नाही. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती केंद्र सरकारने 2022 मध्ये बंद केली. रक्कम मोठी नव्हती, पण त्यातून दप्तर आणि बूट येत असत. 2014 मध्ये महाराष्ट्रात शिक्षणात पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता तो चालू ठेवला, आणि तरी त्याची मुदत संपून गेली. याबद्दल बोलले पाहिजे, अर्ज केले पाहिजेत, नगरसेवकाला मोहल्ल्यात आणून नाक धरावयास लावले पाहिजे. आणि बोलताना एवढे लक्षात ठेवावे की सुरगाणा आणि पेठ येथील आदिवासी मूल आपल्यापेक्षाही मागे उभे आहे. त्याचे आई-बाप द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडे जातात, तेव्हा त्याची शाळा आणि अंगणवाडी दोन्ही मागे राहतात. त्यालाही कोणीतरी 'रक्तात नाही' म्हणतच असेल. आपण म्हणू नये.

राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या नाशकात आहे. आपल्या शाळेतून किती मुले-मुली त्याच्या पदवीपर्यंत पोचली ते मुख्याध्यापकांना विचारावे. मी विचारले होते. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले.

मुलांनो, आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी कोणाला फळ्यावरचे नीट दिसत नसेल तर ते आज सांगा. 'ढ' म्हणून शेवटच्या बाकावर गेलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत ज्यांना केवळ चष्म्याची गरज होती. शेवटच्या बाकावर गेल्यावर तर आणखीच दिसत नाही. 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याखाली सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते आणि दोष आढळला तर पुढील उपचार मोफत मिळतात. ते पथक येते त्या दिवशी गैरहजर राहू नका. मोठ्या मुलांपैकी जे संध्याकाळी गॅरेजमध्ये किंवा दुकानात काम करतात, त्यांनी लपवू नये. त्यात शरम नाही, पुष्कळ थोरांनी काम करूनच शिक्षण केले आहे. मात्र किती वाजता सुटता, काय खाऊन कामाला जाता, किती वाजता झोपता, हे तुमच्या वर्गशिक्षकांना ठाऊक असावे. आणि शिक्षकांनी ते विचारावे. मी जे विचारले नव्हते, ते तुम्ही विचारा.

संस्थेने माझी एक सूचना मान्य केली आहे, त्याबद्दल अध्यक्ष साहेबांचा आभारी आहे. यापुढे प्रत्येक मुलाच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या शेजारी तीन रकाने राहतील. जूनमधील उंची व वजन, जानेवारीतील उंची व वजन, आणि आठवीच्या पुढे हिमोग्लोबिन. हिमोग्लोबिनचा आकडा वर्गात मोठ्याने वाचावयाचा नाही, तो पालकांना दाखवावयाचा. गणितात नापास झालेल्या मुलाच्या बापाला आपण शाळेत बोलावतो. सहा महिन्यांत ज्याचे वजन एक तोळाही वाढले नाही त्याच्या बापालाही बोलवावे.

आज त्याची सुरुवात करीत आहोत. समारंभ संपल्यावर कोणी घाईने निघून जाऊ नये. मागच्या व्हरांड्यात वजनकाटा ठेवला आहे आणि भिंतीवर उंचीची पट्टी रंगविली आहे. मुलींची मापे प्रयोगशाळेच्या बंद खोलीत बाई घेतील, तेथे पुरुष कोणी जाणार नाही. रक्ताची सुई मुंगी चावल्याएवढी असते, प्रत्येकासाठी नवीन असते. लहान वर्ग आधी, मोठे नंतर. चपला बाहेर काढून उभे राहावे, नाहीतर उंची खोटी भरते. ज्या पालकांना स्वतःचे रक्त तपासून घ्यावयाचे असेल त्यांनी शेवटी थांबावे. विशेषतः अम्मी लोकांनी. खुदा हाफिज.